थंड करायचे कागद

आमचं काम पिंजाऱ्याचं. जुनी गादी उसवायची, आतला गोळे झालेला कापूस पिंजून मोकळा करायचा, पुन्हा खोळीत भरायचा आणि टाके घालून द्यायचा. अब्बा सायकलला कापूस पिंजायची धनुकली बांधून सणसरच्या आसपासच्या वाड्यावस्त्या फिरायचे. काम लागलं की आई आणि मी मागून चालत जायचो. कुणाच्या तरी अंगणात अब्बा कापूस पिंजायचे, मी बोटांनी गाठी सोडवायची आणि आई दाभणानं टाके घालायची. त्या कापसात काय नसायचं? पोरांचं मूत, म्हाताऱ्यांच्या डोक्याचं तेल, ढेकूण. दुपारी चहा यायचा. पिऊन झाल्यावर आमचे कप आम्हीच विसळून कुंपणापाशी पालथे घालायचो. मला वाटायचं, सगळीकडे कप असेच ठेवतात.

आमच्या घरी गाद्या भरपूर, पण सगळ्या लोकांच्या. एखादी दुसऱ्या दिवशी पोचवायची असली की अब्बा म्हणायचे, "एक रात पडून बघतो, फुगती का न्हाय ते कळंल." आई म्हणायची, "उठा. लोकांची अमानत हाय ती." मग अब्बा गोणपाटावर आणि गादी भिंतीला उभी. पुढं फोमच्या गाद्या आल्या, बारामतीत पिंजायची मशीन आली आणि धनुकली खुंटीला लागली. अब्बा एमआयडीसीत हमालीला जाऊ लागले. आई घरीच लग्नाच्या गाद्या शिवायची, त्याही लग्नसराईत तेवढ्या. उरलेल्या दिवसांत आमच्यात संध्याकाळी एकदाच चूल पेटायची आणि सकाळी रात्रीचंच खायचं.

त्यातून मी शिकले. सणसरहून एसटीनं बारामतीला जाऊन बी.एस्सी. केलं. आमच्या घराण्यात आधी कुणी दहावीसुद्धा नव्हतं. हे मी मान वर करून सांगते, कुणाला घमेंड वाटली तर वाटू दे. पदवीचा कागद हातात आला त्याच दिवशी मी तो बारामतीत लॅमिनेशन करून घेतला. घरी नेल्यावर अब्बांनी त्यावर पाणी शिंपडून बघितलं. पाणी घरंगळून खाली पडलं. "आता ह्याला मरान न्हाय," असं म्हणून त्यांनी तो पेटीच्या वर खिळ्याला टांगला. आज मी एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या लॅबमध्ये आहे. दुधाची फॅट काढते, पाणी किती ते सांगते. माझं सगळं आकड्यात चालतं.

आईला लिहिता-वाचता येत नाही. मराठी नाही, अरबी तर नाहीच. नमाज ती लहानपणी ऐकून ऐकून शिकली. तिच्याजवळ जे होतं ते सगळं तोंडात होतं. पण तिनं कधी नमाज चुकवलेली मी बघितली नाही. लोकांच्या अंगणात काम चालू असलं तरी वेळ झाली की गोठ्यामागं गादीपाटाचा स्वच्छ तुकडा अंथरायची. एकदा एका म्हातारीनं विचारलं, "बाई, देवाला रोज पाच येळा काय सांगतीस?" आई म्हणाली, "मी कुठं सांगती? जे शिकवलंय तेवढंच म्हणती. उगं आपलं काय सांगायचं म्हणलं तर त्यो बी कटाळंल."

तीन वर्षांपूर्वी, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं रांगेत चाललेल्या, त्या दिवसांत आई दाभणात दोरा ओवत होती. ओवलाच जाईना. "दोरा," म्हणाली आणि कलंडली. बारामतीला नेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. म्हणजे आवाज होता, पण शब्द एकच उरला होता, तोच शेवटचा. पाणी पाहिजे, दोरा. नको, दोरा. अब्बा जवळ बसले तरी दोरा, पण तो जरा हळू. डॉक्टर म्हणाले, "समजतं सगळं. शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बंद झालीय. उघडेलही, नाहीही."

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी दुपारी मशिदीतून अजान ऐकू आली. आईला बाजेवर उशी लावून बसवलं होतं. तिनं पदर सारखा केला, डावा हात छातीवर घेतला आणि तोंड उघडलं.

"दोरा दोरा, दोरा दोरा दोरा."

ते तिनं स्वतःच ऐकलं. थांबली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग हातानं तोंड झाकलं आणि भिंतीकडं वळली. त्यानंतर अजान झाली की ती भिंतीकडं तोंड करायची ते बराच वेळ. जेवण अर्ध्यावर आलं. अब्बा मौलानांना विचारून आले. ते म्हणाले होते, वाचा गेलेल्याला माफी आहे, मनात म्हटलं तरी पोचतं. मी ते आईच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं. आई बहिरी नव्हती, पण मी ते कितीदा विसरायची. तिनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडं वळली. मला कळायचं की ती आजारानं कमी आणि ह्यानं जास्त खचतीय. तिची नमाज परत आली तर बाई जगेल, नाहीतर अशीच भिंत बघत संपेल. पण ती परत आणायची कशी, हे बी.एस्सी.ला कुणी शिकवलं नव्हतं.

फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, डाव्या हाताला चाळा द्या. चेंडू द्या, मणी द्या, रंग द्या. मी चेंडू आणला, तो बाजेखाली गेला तो तिथंच राहिला. मग शाळेच्या पोरांना घेतात तसले वड्यांचे रंग, दोन ब्रश आणि चित्रकलेची वही आणली. आठ दिवस तिनं ढुंकून बघितलं नाही.

माझी साप्ताहिक सुट्टी होती. असरची, म्हणजे उन्हं कलतानाची अजान झाली. आईनं तांब्यावर हात मारला. मी पाणी पाजायला गेले तर तोंड फिरवलं. "दोरा!" हात पुढं केला. मी हातावर पाणी ओतलं. तिनं तोंडावरनं ओला हात फिरवला, मग डाव्या हातानं लुळा उजवा हात कोपरापर्यंत चोळला. नमाजेआधी हात-तोंड धुऊन वुजू करतात तसं. मग वही ओढली, ब्रश ओला केला आणि निळ्या वडीवर घासत बसली.

उजवीकडून डावीकडं तिनं बारीक बारीक फटकारे ओढले. तिरके, एकावर एक आलेले. मग त्यावर पिवळ्याचा एक जाड गोळा. थांबली. श्वास घेतला. पुन्हा निळे फटकारे. कशाचं म्हणून काही नव्हतं. झाल्यावर ब्रश ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसली. भिंतीकडं वळली नाही. त्या संध्याकाळी अख्खी भाकरी खाल्ली.

मी कामावर असायची, पण अब्बा सांगायचे, "येळ झाली की मागती. पाणी आधी, मग रंग." पाच वेळा. पहाटेची कधी हुकायची. वहीतली काही पानं मधेच गायब व्हायची, मला वाटायचं हरवली. मी विचार करून करून दमले. हे काय आहे? सवय आहे का? इतकी वर्षं त्या वेळेला शरीर वळलंय, तर आपोआप वळतं, असं म्हणता येतं. आजार म्हणावा, तर तो असा घड्याळ लावून येतो का? नमाज म्हणावी, तर नमाज अशी असते का? रंगात? दुधात पाणी किती, ते मी मशीन लावून सांगते. ह्या कागदात नमाज किती, ते कशावर लावून बघायचं?

शेजारचे तात्या उसाचे बागायतदार. आमच्याकडनं तीन लेकींच्या लग्नाच्या गाद्या नेल्यात त्यांनी. ते आईला बघायला आले आणि वही हातात घेऊन उलटीसुलटी करत बसले.

"व्हयनी, ह्ये तर आमच्या उसावर तांबेरा पडल्यावानी दिसतंय."

आई हसली. तोंडाची एकच बाजू हसली, पण हसली. अब्बा म्हणाले, "तात्या, तांबेऱ्याला औषिद मारताव, ह्याला काय मारायचं?"

"ह्याला कशाला मारताय? ह्यो चांगला तांबेरा हाय."

मला मात्र असं सोडून देता येईना. रोज संध्याकाळी मी विचारायची. आई, हा कालवा का? हा कापूस का? हे निळं म्हणजे आभाळ का? "दोरा," नाही ह्या सुरात. एकदा तर कमाल केली मी. तिच्या शेजारी बसून कागदावर घर काढून दाखवलं, शाळेत काढायचो तसं, दोन खिडक्या आणि मागं डोंगर. म्हटलं बघ आई, असं काढ. तिनं घराकडं बघितलं, मग माझ्याकडं. अंगठा पाण्यात बुडवला आणि माझं घर पुसत सुटली. डोंगर गेला, खिडक्या गेल्या, सगळा एक गढूळ डाग झाला. मग ब्रश माझ्या हातात दिला आणि त्या डागाकडं बोट केलं. काढ आता.

काय काढू? मी ब्रश धरून बसले. डोक्यात दिवसभराचे फॅटचे आकडे, कुठल्या टँकरचं सॅम्पल राहिलं ते, उद्याचा डबा. दोन रेघा ओढल्या, त्या सांडलेल्या चहासारख्या दिसल्या. आईनं बघितलं आणि काही बोलली नाही. म्हणजे दोरासुद्धा म्हणाली नाही.

मी नमाज पढते, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष नसतं. शब्द तोंडातून बरोबर जातात आणि मी दुसरीकडंच असते. आईला शब्द नव्हते आणि ती मात्र तिथंच असायची, त्या कागदात. ह्याचा अर्थ काय लावायचा, मला कळत नव्हतं. थोडा रागही यायचा तिचा.

शेवटी मी माझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांकडं गेले. ते आता निवृत्त होऊन बारामतीत राहतात. वही दिली. त्यांनी चष्मा लावला, एकेक पान बघितलं, मधेच चष्मा काढून बघितलं. चहा गार झाला.

"हे अमूर्त आहे," म्हणाले.

"म्हणजे चांगलं का वाईट, सर?"

"म्हणजे हे कशाचं चित्र आहे, असं विचारायचं नाही."

"मग काय विचारायचं?"

सर हसले. "ते मलाही नीट सांगता येत नाही गं. पण हात खोटा नाही. एकही रेघ दाखवायला म्हणून ओढलेली नाही." मग म्हणाले, गावातल्या कलाकारांचं प्रदर्शन भरवतोय, ह्यातले बारा दे.

काय सांगू, मी हवेतच स्कूटी चालवत आले. पिंजाऱ्याच्या घरात मी पदवीधर झाले आणि आता आई चित्रकार! प्रश्न सुटला असंच वाटलं. अमूर्त. नाव मिळालं होतं. आईच्या वहीतले बारा सगळ्यात चांगले कागद मी रंग जुळवून निवडले, सोडवून घेतले आणि ज्या दुकानात पदवी लॅमिनेशन केली होती तिथंच नेले. माझ्याकडं जे सगळ्यात मोलाचं होतं त्याला मी तेच केलं होतं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

घरी येऊन ते बारा कागद आईच्या मांडीवर ठेवले. चकचकीत. आईनं वरच्यावर अंगठा फिरवला. मग तांब्यात बोटं बुडवून थेंब टाकला. थेंब घरंगळला. पुन्हा टाकला, पुन्हा घरंगळला. नखानं कड खरवडून बघितली. माझ्याकडं बघितलं, आणि असं बघितलं की मी लहान असताना लोकांच्या गादीवर उडी मारली होती तेव्हासुद्धा तसं बघितलं नव्हतं.

"दोरा! दोरा! दोरा!"

एकेक कागद तिनं शेजारच्या बादलीत फेकला. ते तरंगत राहिले. ती हातानं खाली दाबायची, ते परत वर यायचे. अब्बा धावत आले. मी म्हटलं, "अगं, टिकतील म्हणून केलं आई, प्रदर्शनात लावायचेत, लोक बघतील." ती आणखीच दाबायला लागली.

दुसऱ्या दिवशी अजान झाली आणि आई भिंतीकडं वळली. तिसऱ्या दिवशीही. पाणी मागितलं नाही, रंग मागितले नाहीत. भाकरी पुन्हा अर्ध्यावर. मी म्हटलं, रंग संपले असतील, नवीन आणले. म्हटलं, निवडलेले बारा आवडले नसतील, वही पुढं धरली. तिनं वही घेतली आणि त्यातला राहिलेला एकेक कागद सोडवून उशीखाली घातला. मला पुन्हा हात लावू दिला नाही. अब्बा एवढंच म्हणाले, "तू तिचं कायतरी बांधून टाकलंस पोरी." काय बांधून टाकलं ते त्यांनाही सांगता येईना. सरांना मी काहीच कळवलं नाही. तोंडच नव्हतं.

आईचे थोरले भाऊ, आमचे मामू, डाळजला असतात. पाचवेळचे नमाजी, कडक माणूस. रमजानच्या आधी ते एकदा आमच्याकडं येतात ते एका कामासाठी. कलामाची पानं, म्हणजे पोरांच्या फाटलेल्या सिपाऱ्यांची, कुराणाच्या भागांची, जुनी झालेली, आमच्यात कचऱ्यात टाकत नाहीत आणि पायाखाली येऊ देत नाहीत. ती थंड करतात. मोहरमचे ताबूत थंडे करतात तशीच पाण्यात सोडतात. आळीतल्या चार-पाच घरांची अशी पानं वर्षभर आमच्याकडं जमतात. आई ती हिरव्या फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवते आणि मामू ती गठडी डाळजला नेऊन उजनीच्या पाण्यात सोडतात. आई पडली तरी ते चालूच होतं. शेजारणी पानं आणून आईच्या हातात द्यायच्या आणि अब्बा गठडी खाली काढून तिच्यापुढं धरायचे.

त्या वर्षी मामू आले, आईच्या डोक्यावर हात ठेवला, चहा घेतला. गठडी उतरवून सोडून बघितली, कारण आत कधी पावत्याबिवत्या येतात. आणि त्यांचा हात थांबला.

"ह्ये काय? कलामाच्या पानात ही रंगपंचमी कुणी घातली?"

आत आईचे कागद होते. एकदोन नव्हे, मधले सगळे थर. उशीखालचे, त्याच्या आधीचे, जे मला हरवले वाटत होते ते. अब्बा म्हणाले, "मला वाटलं शेजाऱ्यांची पानं ठिवती. मी काय उघडून बघतोय?"

"कुणी काढलं ह्ये?"

"आईनं," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाले होते, हाताला चाळा—"

"डाव्या हातानं?" मामू म्हणाले. "आणि ह्ये पाक पानांत? तू तर शिकलीयास. तुला बी कळंना व्हय?"

मला खरंच कळत नव्हतं. मामूंनी रंगीत कागद काढून बाजूला ठेवायला सुरुवात केली. आईनं डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. कागद उचलले आणि परत फडक्यात ठेवले. मामूंनी पुन्हा काढले. तिनं पुन्हा ठेवले. तिसऱ्यांदा मामूंनी हात मागं घेतला. आई त्यांच्याकडं बघून म्हणाली, "दोरा." अगदी हळू. अब्बांशी बोलताना म्हणते तसं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो थेंब. ती बादली. तिला कागद टिकवायचे नव्हते. तिला ते पाण्यात सोडायचे होते आणि मी त्यांना पाणी लागणार नाही असं करून आणलं होतं. आई कधीही चित्राला कलामाच्या पानात ठेवणार नाही. नवऱ्याला उठवून लोकांची गादी भिंतीला उभी करणारी बाई आहे ती. म्हणजे तिच्या लेखी ही चित्रं नव्हतीच. मी पेटीतून ते बारा लॅमिनेशन आणले आणि तिच्यापुढं ठेवले. "चुकलं आई," म्हटलं. मामूंना झालेलं सगळं सांगितलं, बादलीसकट.

 तेवढ्यात असरची अजान झाली. आई भिंतीकडं वळेल म्हणून मी बघत होते. तिनं तांब्याला हात लावला.

मी उठणार तोच मामू उठले. तिच्या हातावर त्यांनीच पाणी ओतलं, लुळा हातही त्यांनीच धुतला. मी रंग दिले. आई निळ्यावर ब्रश घासू लागली. फटकारे, मग पिवळा गोळा, मग श्वास. पुन्हा फटकारे, पुन्हा गोळा. मामू गुडघ्यावर हात ठेवून बघत होते आणि त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकत होता.

"चार," तिनं ब्रश ठेवल्यावर ते म्हणाले.

"काय चार?"

"असरच्या रकाती किती?"

चार. पढण्याची एक फेरी म्हणजे एक रकात, आणि असरच्या फर्जाच्या, म्हणजे पढायलाच पाहिजेत अशा, चार. मामूंनी फडक्यातले कागद पुढं ओढले. हा तीन गोळ्यांचा, हा मगरिबचा, दिवस मावळतानाचा. हा दोनचा, पहाटेचा, फजरचा. मी बारा कागद निवडले होते ते निळं-पिवळं कुठं छान दिसतं ते बघून. मोजायचं मला, लॅबवालीला, सुचलं नव्हतं.

पण सगळे काही जुळले नाहीत. एकावर पाच निघाले. एकावर किती ते कळतच नव्हतं, सगळं एकात एक गेलं होतं. मी म्हटलं, "मामू, हे नाही बसत."

"आजारी माणूस हाय, इसरत आसंल," मामू म्हणाले. "मी बी इसरतो कवाकवा, तीन झाल्या का चार." मग त्यांनी कागद एकावर एक सारखे केले. "ह्ये बघ, मी काय शिकलेला आलिम न्हाय. ही नमाज हाय असं मला म्हणवत न्हाय. न्हाय असं बी म्हणवत न्हाय. पण ती थंड करा म्हणती तर मी नेतो. धाकटी हाय ती माझी."

"आणि हे?" मी लॅमिनेशन दाखवले.

"ह्ये पुरू स्वच्छ जागंत."

"प्लास्टिक कुजत नाही, मामू."

"मग तूच बघ. शिकलीयास की."

मामू गठडी तशीच ठेवून गेले, आठ दिवसांनी तुम्हीच घेऊन या म्हणाले. ते आठ दिवस कामावरून आले की मी कात्रीनं कडा कापायची आणि कोमट पाण्यात भिजत घालायची. प्लास्टिक ओढलं तर कागद मधूनच फाटायचा, अर्धा इकडं अर्धा तिकडं. मग अंगठ्यानं चोळायचं. चोळून चोळून कागदाचा लगदा वळायचा आणि सुटायचा, निळ्या-पिवळ्या बारीक गोळ्या. पिंजून झाल्यावर कापूस अंगाला चिकटतो तसा तो हाताला चिकटायचा. आई शेजारी बाजेवर तिचं काढत असायची, मगरिबचं. एका संध्याकाळी लक्षात आलं की तासभर झाला, आणि माझ्या डोक्यात फॅट नव्हती, टँकर नव्हता, काहीच नव्हतं. नुसता अंगठा चालला होता. ह्याला काय म्हणायचं? मी कुणाला विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही. थोडा रंग प्लास्टिकला राहिलाच, तो निघेना. मामूंना सांगितलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे तेवढा."

तात्यांच्या जीपमधून आम्ही आईला डाळजला नेलं. मामूंनी पाण्यात गुडघाभर शिरून गठडी सोडली, आधी कलामाची पानं, मग आईचे कागद, मग माझ्या लगद्याचं फडकं. आई काठाला खुर्चीवर होती. कागद थोडा वेळ वर राहिले, मग जड होऊन खाली गेले. रंग पाण्यात किती वेळ दिसला ते मला सांगता येणार नाही, मी आईकडं बघत होते. ती पाण्याकडं सुद्धा बघत नव्हती. मामूंना हातानं खुणावत होती, पाण्यातनं बाहेर या, सर्दी होईल.

परत आल्यावर सरांना फोन केला. म्हटलं, सर, कागद नाहीत आता, पाण्यात सोडले.  सर म्हणाले, "सगळे?" म्हटलं, सगळे. "बरं," म्हणाले. रागावले होते की काय, कळलं नाही.

मला अजूनही पुष्कळसं कळलेलं नाही. ती नमाज आहे का चित्र आहे, हे मामूंनी सांगितलं नाही, सरांनी सांगितलं नाही आणि आईला सांगता येत नाही. आईची वाचा आली नाही. शब्द अजून एकच आहे. सुट्टीच्या दिवशी मीही तिच्याशेजारी एक कागद घेऊन बसते. माझं चहा सांडल्यासारखंच होतं, पण आता ती माझाही कागद काढून फडक्यात ठेवते.

गेल्या दोन वर्षांत आई अजान झाल्यावर भिंतीकडं वळलेली नाही. तिची नमाज परत सुरू झाली.